आधी गच्ची, मग रंग

परतीचा पाऊस अजून अधूनमधून झोडपतो आहे. पण घराघरांत दिवाळीच्या रंगकामाचे बेत सुरू झाले आहेत. पावसाळ्यात छताला पडलेले पिवळे डाग, पोपडे धरलेल्या भिंती, कपाटामागे आलेली काळी बुरशी या सगळ्यावर पुट्टी भरायची, वर रंगाचे दोन हात मारायचे आणि घर दिवाळीला नवे करायचे, अशी आपल्याकडची रीत आहे. पाणी आले कुठून हा प्रश्न मग पुढच्या मृगापर्यंत कोणी काढत नाही.

या सदरात घराच्या गळतीविषयी वाचून काही वाचकांना नवल वाटेल. डॉक्टरांनी खोकल्याविषयी लिहावे, गवंडीकामात नाक कशाला खुपसावे? पण जून ते ऑक्टोबर या काळात माझ्या दवाखान्यात येणारा बराचसा खोकला घराच्या छतातून येतो, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. औषध देऊन रुग्णाला पुन्हा त्याच ओल्या खोलीत झोपायला पाठवायचे, म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार होतो.

गळक्या घराच्या मालकापुढे प्रश्न एकच असतो. जिथे गळते तिथे ठिगळ लावायचे, की संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे? ठिगळ स्वस्त असते, एका दिवसात होते. संपूर्ण कामाला मोठी रक्कम लागते आणि महिनाभर घरात धूळ-सिमेंट नांदते. त्यामुळे बहुतेकजण ठिगळ पसंत करतात. ठिगळ नेहमीच चूक असते असे मी म्हणणार नाही. पण निदानाशिवाय लावलेले ठिगळ वाया जाते आणि घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा थकलेले वृद्ध असेल, तर वर्षानुवर्षे ठिगळांवर वेळ काढणे महागात पडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओल घरात काय करते?

भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही, तर तिच्यावर बुरशी धरू लागते. भिंतीचा रंग, लाकूड, पुठ्ठा, कापसाची गादी, कपाटातले कपडे हे सारे तिचे खाद्य. या बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण हवेत उडतात आणि श्वासाबरोबर आत जातात. दमट अंथरुणात धुळीतले अतिसूक्ष्म किडेही वाढतात. ज्यांची प्रकृती मुळात अ‍ॅलर्जीची, त्यांना या दोहोंमुळे शिंका, नाक गळणे, रात्रीचा कोरडा खोकला, छातीत घुरघुर आणि दम लागणे असे त्रास सुरू होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा त्रास अधिक होतो, आणि यावर उपाय म्हणजे मुळात ओल होऊ न देणे, असा तिचा सारांश आहे.

ओलीची हयगय कोणत्या थराला जाऊ शकते याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये घडले. रॉचडेल गावात भाड्याच्या सदनिकेत राहणारा अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये श्वसनाच्या विकाराने दगावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे त्याचे कारण होते, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तेथील मृत्युचौकशीत निघाला. वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ मध्येच केली होती. तेव्हा त्यांना सल्ला मिळाला तो वरून रंग मारून घेण्याचा! या प्रकरणानंतर तेथे घरमालक संस्थांवर ओल-बुरशी ठरावीक मुदतीत दूर करण्याचे कायदेशीर बंधन आले. अशी टोकाची घटना क्वचितच घडते, म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. पण बुरशीवर रंग मारणे हा उपाय नव्हे, एवढा धडा त्यातून जरूर घ्यावा.

एक गैरसमजही दूर करतो. भिंतीवरची बुरशी आणि अंगावरचे गजकर्ण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीवरून गजकर्ण अंगावर येत नाही. ते येते ओले कपडे अंगावर वाळवल्याने, एकमेकांचे टॉवेल वापरल्याने. मात्र ओलसर घरात कपडे धड वाळतच नाहीत, म्हणून दोन्ही दुखणी एका घरात नांदताना दिसतात.

गळतीचे इतर धोकेही कमी नाहीत. रात्री लघवीला उठलेल्या आजीचा पाय ओल्या फरशीवर घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. त्यातून उभे राहायला कित्येक महिने लागतात. काहीजण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. ओल्या भिंतीतील विजेचे बटण दाबताना झिणझिण्या येत असतील, तर तो यमाचा निरोप समजावा. मेन स्विच बंद करून त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. छताखाली लावलेल्या बादल्यांत आणि गच्चीवरच्या डबक्यांत पाणी साचून राहिले, की आठ-दहा दिवसांत डेंगीचे डास तयार होतात. आणि ओल घालवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे हा तर जिवावरचा खेळ आहे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास.

कौल फुटले तर कौल बदला

आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरी आपल्या वाडवडिलांच्या घरांत ही ठिगळाची चर्चा नव्हती, कारण त्यांची घरे कौलारू होती. उतरते छप्पर, पुढे आलेली वळचण, पागोळ्या अंगणात पडणार, पश्चिमेच्या बाजूला झडीसाठी झावळ्यांचा आडोसा. पाऊस लागण्यापूर्वी दरवर्षी शाकारणी व्हायची. तीत सगळे छप्पर नजरेखालून जाई आणि फुटके कौल तेवढे बदलले जाई. कौलारू घरात गळते साधारण त्याच जागेवर, जिथे वर कौल फुटलेले असते. म्हणून तिथे ठिगळ चालते.

स्लॅबचे तसे नाही. सिमेंटच्या सपाट छतात पाणी एका भेगेतून शिरते, कोब्याखाली वाट काढत पाच-दहा फूट सरकते आणि जिथे मोकळी जागा मिळेल तिथे टपकते. स्वयंपाकघरात टपकणाऱ्या पाण्याचे उगमस्थान जिन्याच्या खोलीजवळ असू शकते. आपण मात्र स्वयंपाकघराच्या बरोबर वर केमिकलचे दोन डबे ओततो. पुढच्या वर्षी पाणी शेजारच्या खोलीत उतरते आणि गवंडी म्हणतो, "साहेब, ही दुसरी गळती आहे." ती दुसरी नसते, तीच असते, तिने नुसता पत्ता बदललेला असतो. कौले गेली, स्लॅब आले; पण आपली डोकी अजून कौलाच्याच हिशेबाने चालतात.

आधी निदान

ताप हे लक्षण आहे, तसा छतावरचा डाग हेही लक्षण आहे. त्याचे कारण शोधायला हेच दिवस चांगले, कारण डाग अजून ओले आहेत. घरातील प्रत्येक डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि शेजारी तारीख घाला. पुढच्या सरीनंतर डाग रेघेबाहेर गेला का ते पाहा. मग पुढील गोष्टी तपासा.

ओल फक्त पावसात येते की उन्हाळ्यातही असते? उन्हाळ्यातही असेल तर दोष गच्चीचा नसून नळाच्या पाईपचा, वरच्या टाकीचा किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघराचा असण्याचा संभव अधिक. ओल भिंतीच्या पायथ्याशी, दोन-तीन फुटांपर्यंतच आहे का? मग ती बहुधा जमिनीतून चढते आहे. गच्चीवर लाख रुपये ओतले तरी ती जाणार नाही. ओल पश्चिमेच्या भिंतीलाच आहे का? मग झडीचे पाणी चिऱ्याच्या सांध्यांतून किंवा गिलाव्याच्या भेगांतून आत येते आहे. तेथे बाहेरून गिलावा दुरुस्त करणे, खिडकीवरचा सज्जा नीट करणे हेच औषध. छताच्या मधोमध डाग असतील तरच मुख्य संशय गच्चीवर.

गच्चीवर स्वतः चढा. जोराची सर थांबल्यावर कुठे किती वेळ पाणी तुंबते ते बघा. पन्हळाच्या तोंडाशी पाने, प्लास्टिक, माती अडकली आहे का? कठड्याच्या कोपऱ्यात पिंपळाचे रोप आले आहे का? ते दिसायला चार पानांचे असते. मुळे मात्र भेगेत खोल गेलेली असतात. काठीने कोबा ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो, तिथे कोबा स्लॅबपासून सुटलेला असतो.

ठिगळ कधी पुरते?

गळती एकाच जागी असेल, तिचे कारण डोळ्यांना दिसत असेल आणि बाकीची गच्ची धडधाकट असेल, तर ठिगळच योग्य. पन्हळ तुंबला असेल तर साफ करा. पाईपभोवतीचा सांधा उघडा पडला असेल तर तो भरा. पत्र्याच्या शेडला बोल्टचा वॉशर गेला असेल तर नवा बसवा. टाकी ओसंडत असेल तर तिचा फ्लोट बदला. यासाठी संपूर्ण गच्ची उखडणे म्हणजे साध्या सर्दीला सलाईन लावण्यासारखे आहे. तसा सल्ला देणारा कंत्राटदार भेटला तर दुसऱ्याचे मत घ्या. आम्हा डॉक्टरांच्या बाबतीत तुम्ही घेताच की!

संपूर्ण काम केव्हा?

तीन-चार ठिकाणी डाग असतील, किंवा डाग दरवर्षी जागा बदलत असतील. एकाच जागी दोनदा दुरुस्ती करून तिसऱ्या पावसात पुन्हा गळले असेल. कोबा बऱ्याच भागात पोकळ वाजत असेल. किंवा गच्चीचा उतारच चुकल्याने पाणी तासन्‌तास तुंबत असेल, तर ठिगळांचा नाद सोडावा. तेथे उतार नीट करणे, कठड्याच्या कडेने गोलाई देणे, पन्हळांची तोंडे मोठी करणे आणि सबंध पृष्ठभाग एकसंध करणे एवढे सगळे एकत्र केले तरच गुण येतो.

एक गोष्ट विशेष सांभाळावी. छताला तांबूस, गंजासारखे डाग पडले असतील, गिलाव्याचे पापुद्रे सुटून सळया दिसत असतील, तर आतले लोखंड गंजू लागले आहे. गंजलेले लोखंड फुगून कित्येक पट जागा व्यापते आणि सिमेंटला आतून फोडते. अशा वेळी वरून वॉटरप्रूफिंग करण्याआधी सळयांची दुरुस्ती करावी लागते. त्यासाठी गवंड्याचे नव्हे, इंजिनियरचे मत घ्यावे. तोवर त्या छताखाली पाळणा किंवा पलंग ठेवू नये. तसेच जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याआधी स्लॅबला ते वजन पेलेल का, हेही इंजिनियरलाच विचारावे. कोब्याचे वजन टनांनी भरते.

घरातील माणसे पाहून निर्णय घ्या

आतापर्यंतचे सगळे एखादा इंजिनियर माझ्यापेक्षा चांगले सांगेल. पण जी कसोटी इंजिनियर लावत नाही, ती मी लावतो: त्या छताखाली झोपते कोण?

माझ्या पाहण्यातले एक कुटुंब सांगतो. पती-पत्नी दोघे शिक्षक, सात वर्षांची मुलगी. जून उजाडला की मुलीचा खोकला सुरू, रात्री घुरघुर, महिन्यातून चार-पाच दिवस शाळा बुडायची. औषधाने बरे वाटे, थांबवले की पुन्हा तेच. श्रावणात ती आठ दिवस कोल्हापूरला मामाकडे गेली. तिथेही पाऊस होता, पण खोकला नाही! परत आली आणि दुसऱ्याच रात्री खोकू लागली. आईने हे सांगितले तेव्हा मी त्यांचे घर पाहायला गेलो. भिंती छान रंगवलेल्या होत्या. मुलीच्या पलंगामागचे कपाट पुढे ओढले, तर मागची भिंत काळी पडलेली. गच्चीवर चार वर्षांची चार ठिगळे, चार रंगांची.

मी त्यांना एक वही घ्यायला सांगितली. एका पानावर चार वर्षांत ठिगळांवर आणि दरवर्षीच्या रंगावर झालेला खर्च लिहा; दुसऱ्यावर दवाखाना, औषधे, रजा आणि बुडालेली शाळा. दोन्ही पानांची बेरीज संपूर्ण कामाच्या अंदाजपत्रकाच्या फारशी मागे नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी सबंध गच्ची करून घेतली, खोलीचा जुना गिलावा खरवडून नवा केला आणि कापसाची गादी टाकून दिली. मुलीचा दमा त्याने नाहीसा झाला असे नाही. दमा प्रकृतीत असतो. पाहुणे आले, उदबत्तीचा धूर झाला, की तिला अजून त्रास होतो. पण पुढच्या पावसाळ्यात तिची शाळा एक दिवसही बुडाली नाही. पंप मात्र माझ्या सल्ल्याने चालू होता. गच्ची दुरुस्त केली म्हणून कोणीही आपल्या मनाने दम्याचा पंप बंद करू नये, हे मुद्दाम सांगतो.

म्हणून माझा हिशेब असा. घरात सगळे धट्टेकट्टे असतील तर एखादे वर्ष ठिगळावर काढून पाहायला हरकत नाही. पण दम्याचा रुग्ण, वर्षाच्या आतील मूल, जुना फुप्फुसविकार असलेले वृद्ध यांपैकी कोणी घरात असेल आणि एकदा लावलेले ठिगळ फसले असेल, तर दुसऱ्या ठिगळाची वाट पाहू नका. "बाहेरगावी गेल्यावर बरे वाटते आणि घरी आल्यावर त्रास होतो का?" हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर आपल्या डॉक्टरांना सांगा. त्यांना त्याचा फार उपयोग होतो.

वरच्या मजल्यावरचा शेजारी

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण वेगळी. गच्ची सर्वांची, गळती मात्र वरच्या मजल्यावरच्या एकट्याची. सभेत विषय निघाला की खालचे सभासद म्हणतात, "तुमच्याकडे गळते, तुम्ही बघा." हे बरोबर नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती, तसेच गच्चीतून पाणी उतरून वरच्या मजल्यावरच्या छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान भरून काढणे हे संस्थेचे काम आहे. तेव्हा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, सोबत तारखेसह छायाचित्रे जोडा. घरात रुग्ण असेल तर डॉक्टरांचे पत्र जोडा. असे पत्र मी आनंदाने देतो. खालच्या सभासदांनी इतकेच ध्यानात घ्यावे, की गंजणारी सळई वरच्या मजल्यावर थांबत नाही.

पैसे नसतील तर?

सर्वांना एकदम एवढा खर्च झेपत नाही, हे मला माहीत आहे. तोवर करता येण्याजोगे पुष्कळ आहे. पन्हळ आणि गच्ची साफ ठेवणे याला पैसा लागत नाही. रुग्णाचे अंथरूण घरातल्या सर्वांत कोरड्या खोलीत हलवा. मग ती बैठकीची खोली असली तरी चालेल. पलंग आणि कपाटे भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. ऊन पडेल त्या दिवशी खिडक्या उघडा, गाद्या-उशा उन्हात टाका. भिंतीवरची बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून जागा कोरडी करा. पुसताना नाका-तोंडावर मास्क बांधा, आणि दमेकऱ्याने हे काम करू नये. ब्लीचिंगचे पाणी वापरलेत तर त्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. ताडपत्री किंवा पत्र्याची शेड हाही काहींना परवडणारा मार्ग आहे. पक्क्या शेडसाठी मात्र आधी नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी विचारावी आणि वाऱ्याला टिकेल अशीच ती बांधावी.

काम करायचे ठरले तर होळीनंतर ते मेच्या मध्यापर्यंत करून घ्या. सिमेंटच्या कामावर पुरेसे दिवस पाणी मारले गेले पाहिजे. मृग तोंडावर आल्यावर घाईने केलेले काम टिकत नाही. काम झाल्यावर गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून परीक्षा घ्या आणि मगच शेवटचा हप्ता द्या. हमी तोंडी नको, सहीशिक्क्यानिशी कागदावर हवी. आणि नवे काम झाले तरी दरवर्षी पावसाआधी एकदा गच्चीवर फेरी मारा. स्लॅबलाही शाकारणी लागते.

यंदाच्या दिवाळीत माझा सल्ला एवढाच: ओल असलेल्या खोल्यांना रंग लावू नका. पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा तशाच राहू द्या, पाहुण्यांनी विचारले तर खुशाल कारण सांगा. रंगासाठी बाजूला काढलेले पैसे गच्चीच्या नावाने पतसंस्थेत ठेवा आणि येत्या फेब्रुवारीत दोन-तीन जणांकडून अंदाजपत्रके मागवा. भिंत कोरडी झाल्यावर रंग केव्हाही लावता येतो.